बिस्किटाचं खोकं की दीड लाखाचं कर्ज?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी एका सरकारी मेडिकल कॉलेजात जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर शेतकऱ्याचं, घरातली पहिलीच डॉक्टर. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तिच्या वाट्याला कॅमेरा धरण्यापलीकडे फारसं काही येत नाही. त्यात ती डावखुरी, त्यामुळे ‘तुझा हात उलटा आहे, तुला वेळ लागेल’ हे दोनतीनदा ऐकून झालंय. कॉलेजात स्किल लॅब आहे पण तिला कायम कुलूप, आतलं महागडं मशीन तिने कव्हर घातलेलंच पाहिलंय. मग तिने हॉस्टेलच्या खोलीत बिस्किटाच्या मोठ्या खोक्याला भोकं पाडली, वर मोबाईल ठेवला, आणि ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) बाद झालेले दोन ग्रास्पर (लांब दांड्याचे चिमटे) घेऊन दर रविवारी चारचार तास सराव सुरू केला. याला दोन महिने झाले. बरोबरचे हसतात. एका सीनियरने तोंडावर सांगितलं की खोक्यावर शिकून कोणी सर्जन होत नाही. मोठ्या शहरात एक तीन दिवसांचा खाजगी कोर्स आहे, राहण्याखाण्यासकट खर्च दीड लाखाच्या घरात जातो आणि वडील कर्ज काढायला तयार आहेत. ती विचारते, ‘मॅडम, कर्ज काढून कोर्स करू, की खोक्यावर वेळ घालवत बसू, की माझा हातच सर्जरीचा नाही हे मान्य करून टाकू?’ सोबत तिने सरावाचा एक व्हिडिओ पाठवलाय.

प्रिय डॉक्टर,

तुला तू म्हणते, माझ्या सगळ्या रेसिडेंट्सना मी तूच म्हणत आलेय.

तुझा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पहिल्यांदा नुसता, मग घड्याळ लावून, मग फक्त डाव्या हाताकडे बघत आणि मग फक्त उजव्या हाताकडे. फळीवर डावीकडे सहा खिळे, उजवीकडे सहा खिळे, गॅसच्या जुन्या रबरी नळीचे सहा तुकडे, एका बाजूने उचलून हवेतच दुसऱ्या हातात द्यायचे आणि पलीकडच्या खिळ्यात घालायचे, सगळे गेले की तसेच परत आणायचे. तुला लागले २ मिनिटं ४० सेकंद आणि दोन तुकडे पडले. तुझा डावा हात छान स्थिर आहे, उगाच हलत नाही. उजवा मात्र तुकडा घ्यायला येताना दर वेळी थोडा पलीकडे जातो, मागून फिरतो आणि मग पुढे येऊन पकडतो, दोन्ही तुकडे त्याच वेळी पडलेत. याला हात वाईट असणं म्हणत नाहीत ग. तो हात चुकत नाहीये, त्याला खोली दिसत नाहीये, कारण स्क्रीन सपाट असते आणि डोळ्याला पुढचं मागचं कळायला सावली, आकार आणि सवय एवढंच उरतं. सवय अजून लागायचीय, बस. आणि एक, मोबाईल खोक्यावर आडवा असल्यामुळे तू पूर्ण वेळ मान खाली घालून बघतेयस, त्याने खांदे वर गेलेत आणि खांदे वर गेले की मनगट अडतं.

आता मला सांग, गेल्या दोन वर्षांत ओटीमध्ये कोणी सलग २ मिनिटं ४० सेकंद फक्त तुझ्या हातांकडे पाहिलंय का? नसणारच. तिथे पेशंट असतो, भूलतज्ज्ञ घड्याळ बघत असतात, पुढची केस बाहेर ट्रॉलीवर असते. मला तुझ्याबद्दल एवढं सगळं कळलं ते त्या बिस्किटाच्या खोक्यामुळे, म्हणून आधी त्याची लाज वाटणं बंद कर.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चाललीयस, की महाग ते खरं आणि स्वस्त ते खेळ. हे मात्र मला तपासून बघायचंय. कॅनडात २००२ साली एक अभ्यास छापून आला, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खडा काढायच्या कौशल्याचा. शेवटच्या वर्षाचे ४० मेडिकल विद्यार्थी घेतले. काहींना फक्त शिकवलं, काहींना ३७०० डॉलरच्या हुबेहूब मॉडेलवर सराव दिला आणि काहींना साधारण २० डॉलरमध्ये बनवलेल्या मॉडेलवर, ज्यात रबराचा ड्रेन (निचऱ्याची नळी) होता, पालथा कप होता आणि पेय प्यायच्या दोन स्ट्रॉ होत्या. हाताने सराव केलेले दोन्ही गट नुसतं ऐकलेल्यांपेक्षा चांगले निघाले, आणि २० डॉलरवाले आणि ३७०० डॉलरवाले यांच्यात सांगण्यासारखा फरकच निघाला नाही. अमेरिकेत सर्जनला बोर्डाच्या परीक्षेआधी एफएलएस नावाची लॅप्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनची, परीक्षा पास व्हावी लागते, तिचं प्रात्यक्षिक ज्याच्यावर होतं ते काय मोठं मशीन नाही, कॅमेरा लावलेला एक डबाच आहे. पाच कामं असतात आणि त्यातलं पहिलं म्हणजे तू जे खिळे आणि नळीच्या तुकड्यांचं करतेयस तेच.

आणि आपल्याकडचंच उदाहरण घे. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियासाठी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं, कारण कंपनीची जाळी त्यांच्या पेशंटला परवडत नव्हती. २००३ मध्ये त्यांनी आणि इतर ठिकाणच्या सर्जननी मिळून ते अनुभव रीतसर छापले. पुढे युगांडात तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी शास्त्रशुद्ध तुलना झाली, २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ती आली, आणि वर्षभरानंतर हर्निया परत होण्यात किंवा त्रास होण्यात दोन्हींत फरक दिसला नाही. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती मोजण्याची. नुसतं स्वस्तात केलं आणि सोडून दिलं असं झालं नाही, केलं, लिहून ठेवलं, छापलं, दुसऱ्यांनी पडताळलं. तुझ्या खोक्यात नेमकं एवढंच कमी आहे. तू दोन महिने सराव केलास पण पहिल्या दिवशी किती सेकंद लागले होते ते पत्रात कुठेच नाही, मला वाटतं तुलाही आठवत नसेल.

म्हणून एक वही कर. तारीख, वेळ, किती तुकडे पडले, झोप किती झाली होती, एवढंच. त्या अमेरिकन परीक्षेच्या तयारीसाठी या कामाचं जे लक्ष्य धरतात ते ४८ सेकंद आहे, जाऊन परत येईपर्यंत. आकडा बघून घाबरू नकोस, तिथे पोचायला सगळ्यांनाच बरेच दिवस लागतात. पण तिथे काही एकदा ४८ सेकंद आले की झालं असं नसतं, लागोपाठ दोनदा आणि शिवाय आणखी दहा वेळा यावे लागतात. एकदा जमणं आणि रात्री तीन वाजता जमणं यातला फरक तुला मी सांगायला नको.

रविवारचे चार तास मात्र बंद कर. टोरांटोमध्ये २००६ साली ३८ सर्जरी रेसिडेंट्सवर एक सुंदर अभ्यास झाला, बारीक रक्तवाहिन्या जोडायचं शिक्षण चार भागांत होतं, अर्ध्यांना चारही भाग एकाच दिवशी दिले आणि अर्ध्यांना आठवड्याला एक असे चार आठवडे. शिक्षण तेच, तास तेवढेच. महिन्याभराने परत तपासलं तर आठवड्याआठवड्याने शिकलेले स्पष्ट पुढे होते. हात झोपेत शिकतो असं आमचे सर म्हणायचे, तेव्हा आम्हाला ते गमतीचं वाटायचं. तेव्हा रोज वीस मिनिटं, आठवड्यात चार दिवस जमले तरी भरपूर. नाईट करून आलीस की खोक्याला हात लावायचा नाही, झोपायचं. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकीचीच सवय पक्की करतो.

तुझ्या सीनियरचं वाक्य मी पूर्ण खोटं म्हणणार नाही. खोक्यावर शिकून कोणी सर्जन होत नाही हे खरं आहे. खोक्यात रक्त येत नाही, चिकटलेलं आतडं नसतं, पित्ताशयाची नळी कुठली आणि मुख्य पित्तनलिका कुठली हा जीव टांगणीला लावणारा प्रश्न नसतो, आणि थांबून ‘सर, मला इथे खात्री वाटत नाहीये, पोट उघडूया’ असं म्हणायचं धैर्य तर कुठलंच मॉडेल शिकवत नाही. ते ओटीतच शिकायचं, सीनियरच्या शेजारी उभं राहून. पण तिथे उभं राहिल्यावर तुझं सगळं डोकं ‘हात डावीकडे नेला तर टोक उजवीकडे का जातंय’ यातच अडकलं असेल तर बाकीचं शिकायला डोक्यात जागा कुठे उरते? होडीच्या वल्ह्यासारखं असतं ते, मूठ इकडे ओढली की पातं तिकडे जातं, नावाड्याच्या पोराला ते विचार न करता येतं कारण त्याने पाण्यात घालवलेली वर्षं असतात. तेवढं वल्हं मारायला खोक्यात शीक, नदी कळायला ओटीत जा. सीनियरला एवढंच सांग, वाद घालू नकोस.

मला हे इतकं तळमळून का वाटतं ते सांगते. मी पहिल्या वर्षाला होते, रात्रीची केस, एकोणीस वर्षांचा मुलगा, अपेंडिक्स. लेक्चरर म्हणाले बांध, मी मेसोअपेंडिक्स (अपेंडिक्सला रक्त पुरवणारा पडदा) बांधलं, धागा कापला आणि दोन मिनिटांत तिथून रक्त यायला लागलं. गाठ सरकली होती. मी चौकोनी गाठ (दुसरा वेढा उलट दिशेने घ्यायची पक्की गाठ) समजून जी मारत होते ती दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरत होती, आणि हे माझ्या लक्षात तोपर्यंत आलंच नव्हतं कारण कोणी पाहिलंच नव्हतं. सरांनी बोट ठेवलं, परत बांधलं, मुलगा चौथ्या दिवशी चालत घरी गेला. त्याला काहीच कळलं नाही. पण मला कळलं होतं, की माझी पहिली नीट गाठ शिकायला त्याचं पोट वापरलं गेलं आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर तीन महिने मी वॉर्डातल्या रिकाम्या कॉटच्या लोखंडी दांड्यावर धागा बांधत बसायचे, सकाळी मावशी ते शेकडो धागे ब्लेडने कापून काढायच्या आणि ‘आज किती झाल्या?’ म्हणून विचारायच्या. दांड्याला काही किंमत नव्हती. पेशंटपेक्षा आधी ती गाठ त्या दांड्याने पाहिली, एवढंच मला हवं होतं.

डावखुरेपणाबद्दल. उघड्या सर्जरीत डावखुऱ्याला अडचण येते ती खरी आहे, कात्र्या आणि नीडल होल्डरचं लॉक उजव्या हातासाठी बनवलेलं असतं, सीनियर समोर उभे राहून शिकवतात तेव्हा सगळं उलटं दिसतं. त्यात तुझा दोष नाही, अवजाराची घडण तशी आहे. दुर्बिणीत मात्र दोन्ही हात लागतात, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा डावा हात सहसा नुसता धरून ठेवतो. तू आयुष्यभर उजव्यांच्या जगात वावरल्यामुळे तुझा उजवा हात त्यांच्या डाव्यापेक्षा जास्त कामाला लागलेला असणार. नळीच्या तुकड्यांचं काम रीतीप्रमाणे कमी सरावाच्या हाताने सुरू करायचं असतं, तू व्हिडिओत डाव्याने सुरू केलंयस. बदल.

आता खोकं जरा सुधारू. पुठ्ठ्याचं खोकं ग्रास्परच्या वजनाने दबतं आणि भोक मोठं होत जातं, मग टोक कुठेही फिरतं. सामान ठेवायचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा आण, भोकाला आतून रबराची चकती लाव म्हणजे अवजार अडकूनही राहील आणि फिरेलही. दोन भोकं अशी हवीत की दोन्ही अवजारांची टोकं कामाच्या जागी भेटली की त्यांच्यात साधारण ६० अंशांचा कोन होईल, कॅमेरा मध्ये, आणि अवजार निम्मं आत निम्मं बाहेर. मोबाईलचं चित्र वायरने लॅपटॉपवर घे, वायफायने घेतलंस तर चित्र मागे पडतं आणि हाताला चुकीचं शिकायला मिळतं. लॅपटॉप डोळ्याच्या रेषेत, डबा कोपराच्या थोडा खाली, आणि उभं राहून करायचं, ओटीत आपण बसत नाही. आत एक एलईडीची पट्टी चिकटव पण एकाच बाजूने, कारण सावली पडली की खोली कळते. तुझ्या उजव्या हाताचं निम्मं दुखणं तिथेच बरं होईल बहुतेक.

खिळ्यांचं जमायला लागलं की गॉजच्या तुकड्यावर काढलेलं वर्तुळ रेषेवरून कापणं, मग आत टाका घालून आतच गाठ मारणं. ते सगळ्यात अवघड असतं, घाई करू नकोस.

आणि फक्त दुर्बीण दुर्बीण करू नकोस ही माझी खास विनंती. तू एमएस होऊन बाँडवर (सरकारी सेवेच्या करारावर) गेलीस की पहिल्या आठवड्यात तुझ्यासमोर फाटलेलं आतडं येईल, त्यासाठी दुर्बीण नसेल, तू आणि एक सिस्टर असाल. जगात पाच अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी मिळत नाही असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं, ते लोक कुठे लांब नाहीत, तुझ्याच तालुक्यातले आहेत. त्यांना आतडं नीट जोडणारी डॉक्टर हवीय.

त्यासाठी खाटकाकडे जा. वजडीसाठी आतडं वेगळं काढतात, त्याला आदल्या दिवशी सांगून ठेव की तुकडे न करता लांब आतडं दे. स्वच्छ धुऊन वीतभर तुकडे कर. दोन टोकं समोरासमोर आण, दोन्ही कोपऱ्यांना आधाराचे टाके, आणि मुदत संपलेलं व्हिक्रिल (टाक्यांचा विरघळणारा धागा) मागून घे, ओटीच्या स्टोअरमध्ये असतं. पहिल्यांदा करशील तेव्हा आतलं अस्तर बाहेर डोकावेल, ते आत ढकलत टाका घ्यायचा, आणि सुई आतड्याच्या त्या पांढऱ्या चिवट थरातून जातेय का ते बोटाला जाणवलं पाहिजे, सगळी ताकद त्या थरात असते, वरच्या पातळ पापुद्र्यात काही नसतं. झालं की एक टोक चिमट्याने बंद कर, दुसऱ्यातून सिरिंजने रंगीत पाणी भर आणि बघ. बहुतेकांचं गळतं ते मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) बाजूच्या कोपऱ्यात, जिथे चरबी चिकटलेली असते आणि कडा नीट दिसत नाही. माझ्या एका रेसिडेंटने अशी अकरा आतडी जोडली, पहिली सात गळाली, आठवीपासून नाही. ती सात ओट्यावर गळाली, त्यातलं एकही पेशंटच्या पोटात गळालं नाही याचा मला आजही आनंद होतो. कोंबडीचा लेग पीस पण चांगला, फक्त दुकानदाराला कातडीसकट दे म्हणून आधी सांगावं लागतं नाहीतर तो सवयीने सोलूनच देतो. कातडीवर सबक्युटिक्युलर (कातडीच्या आतल्या थरातून जाणारे) टाके घे, आत टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) मिळतं ते जोडून बघ.

यात दोन काळज्या घ्यायच्याच. हे मांस मेसच्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ग्लोव्हज घालायचे, काम झाल्यावर अवशेष पिवळ्या पिशवीत आणि सुया पांढऱ्या कडक डब्यात, हॉस्टेलच्या कचऱ्यात सुई गेली तर ती सफाईवाल्या मामांच्या बोटात जाते. आणि सरावाच्या प्रत्येक अवजारावर लाल टेप, मुदत संपलेल्या धाग्याच्या प्रत्येक पाकिटावर मार्करने ‘फक्त सरावासाठी’. ते चुकून परत ओटीत जाता कामा नये. तुझ्याकडचे दोन ग्रास्पर कोणाला विचारून आणलेत हे पत्रात नाही, नसशील विचारलं तर उद्याच ओटीच्या इनचार्ज सिस्टरना सांग आणि वहीत नोंद कर. त्या रागावतील असं वाटत असेल पण माझा अनुभव उलट आहे, मागून घेणाऱ्या रेसिडेंटला सिस्टर सगळ्यात जास्त मदत करतात.

घरी माळकरी वातावरण असेल किंवा मांसाला हात लावणं जमत नसेल अशा वाचकांसाठी, केळ्याच्या सालीवर टाके घ्या, साल फाटली की कळतं आपण किती जोर लावतोय, आतड्याच्या जागी लांबट फुगा किंवा ग्लोव्हचं बोट, कातडीच्या जागी फोमवर ताणलेलं कापड. गाठीला तर नुसता धागा पुरतो.

आता कुलूप. तुला वाटतंय कोणाला शिकवायचंच नाहीये म्हणून लॅब बंद आहे. असेलही, पण सरकारी ठिकाणी कुलपामागे बऱ्याचदा डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) असतं. त्या महागड्या मशीनसमोर ज्याचं नाव लिहिलंय त्याला काही तुटलं की उत्तर द्यावं लागतं, मग सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोणाला हातच लावू द्यायचा नाही. त्याची भीती घालवलीस तर कुलूप उघडेल. २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमापासून स्किल लॅब बंधनकारक आहे, त्यामुळे तिचा वापर झाल्याची नोंद कॉलेजलाही तपासणीला हवीच असते, हे तुझ्या बाजूचं आहे. तक्रार अर्ज अजिबात नको. दोनतीन जणांनी मिळून एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जा आणि छोटंसं मागा, बुधवारी चार ते पाच लॅब उघडी, चावी अमुक सिस्टरकडे, सही रजिस्टरवर, आणि आम्ही मशीन मागत नाही, आमचे डबे ठेवायला टेबल आणि लाईट द्या. मशीनला हात न लावण्याचं तुम्हीच म्हणालात की ‘नाही’ म्हणायला कारण उरत नाही. जे आत्ता पहिल्या वर्षाला आहेत त्यांना थिसिससाठीही हा विषय सुचवते, रेसिडेंट्सवरच अभ्यास असला तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते तेवढं लक्षात ठेवा.

पण टेबलापेक्षा जास्त गरज आहे ती बघणाऱ्या डोळ्यांची. माझी गाठ चुकत होती ते मी शंभर वेळा बांधूनही मला दिसलं नसतं. एकट्याने केलेल्या सरावात चूकच घट्ट होते, तुझ्या बाबतीत मला खरी काळजी त्याची आहे, खोक्याच्या किमतीची नाही. तुझ्या डिपार्टमेंटमध्ये एक तरी असिस्टंट प्रोफेसर असे असतील ज्यांना शिकवायला आवडतं. त्यांच्याकडे आठवड्याला दहा मिनिटं माग, जास्त नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखव, फक्त हात आणि डब्याचा, आणि त्यांना नेमकं विचार. टोरांटोतच १९९७ च्या सुमारास ओसॅट्स नावाची पद्धत निघाली, त्यात सात गोष्टींना एक ते पाच गुण देतात, ऊतीला किती जपतेयस, हालचाल वाया जातेय का, अवजार हातात कसं बसतं, पुढची पायरी आधीच ठरलेली असते का, अशा. ‘सर, कसं झालं?’ विचारलंस तर ‘ठीक आहे’ एवढंच मिळेल. कागदावर सात ओळी पुढे ठेवल्यास तर ते बोलतील.

आणि बरोबरच्या हसणाऱ्यांपैकी एकाला रोज खोलीत बोलाव, तू कर, तो वेळ मोजेल, मग तो करेल, तू मोजशील. कोणाचाही पहिला प्रयत्न झटपट होत नाही सहसा, हसणं आपोआप थांबतं.

नर्सिंगच्या मुली, इंटर्न, प्रसूतिगृहात काम करणारे, तुम्ही पण हे वाचताय हे मला माहितीय. हे फक्त सर्जनचं नाही. बेळगाव आणि शेजारच्या जिल्ह्यांत प्रसूती करणाऱ्या डॉक्टर-नर्सना पाणी भरून वापरायच्या साध्या बाहुलीवर नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवलं, २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि मृत जन्मांचं प्रमाण शेकडा ३.० वरून २.३ वर आलं. ज्या बाळांना मेलेलं समजून बाजूला ठेवलं गेलं असतं त्यातली काही रडली. पाण्याची बाहुली होती ती, त्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही.

आता कर्जाचं. कोर्स वाईट असेल असं मी म्हणत नाही, चांगल्या कोर्समध्ये एक गोष्ट मिळते जी तुला हॉस्टेलवर मिळणार नाही, ती म्हणजे तुझ्या शेजारी उभा राहून हात धरणारा माणूस. पण आत्ता तू गेलीस तर ते तीन दिवस वल्हं कसं धरायचं यातच जातील आणि पंधरा दिवसांत त्यातलं निम्मं विसरशील, कारण परत आल्यावर सराव तोच, या डब्यावरच. तेच तू ४८ च्या आसपास पोचून, आत गाठ मारता येऊन गेलीस तर त्याच तीन दिवसांत तुला पुढचं मागता येईल. म्हणजे कोर्स करायचाच तर तिसऱ्या वर्षाला. तेव्हाही पैसे भरायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचार, एका टेबलावर किती जण असतात, प्रत्यक्ष हातात अवजार किती तास मिळतं आणि शेजारी शिकवणारा कायम असतो का. उत्तर गोलमाल आलं तर सोडून दे. मॅसिकॉनसारख्या सर्जनांच्या परिषदांच्या आधी वर्कशॉप होतात, रेसिडेंट्सना फी कमी असते का ते विचार. आणि डीआरपीचे (रेसिडेंट्सच्या जिल्हा सेवेचे) तीन महिने जिल्हा रुग्णालयात मिळतात ते सुट्टी समजून घालवू नकोस, तिथे सर्जन कमी आणि काम जास्त असतं, हात तयार असलेल्या रेसिडेंटला ते लोक मनापासून करू देतात.

वडिलांना सांग की आत्ता कर्ज नको. ते तयार आहेत यातच सगळं आलं, पण तुझ्या पहिल्या पगारातून जाण्यासारख्या पैशासाठी त्यांच्या जमिनीवर बोजा चढवायची वेळ आलेली नाही.

तुझा तिसरा प्रश्न, हातच सर्जरीचा नाही का. दोन महिने, चुकीच्या वेळापत्रकाने, कोणी न बघता, मान वाकवून केलेल्या सरावावरून हे ठरवायचा अधिकार तुलाही नाही आणि ज्यांनी तुझ्या हातात कॅमेऱ्याशिवाय काही दिलं नाही त्यांनाही नाही. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना खरंच ही शाखा सोडणं बरं होतं, पण त्यांची अडचण हातात नव्हती, त्यांना पेशंटजवळ उभं राहायलाच आवडत नव्हतं. तू रविवारी चार तास खोक्यात वाकून बसतेस.

सहा आठवड्यांनी मला दुसरा व्हिडिओ पाठव. तीच फळी, तेच सहा तुकडे, लॅपटॉप डोळ्यासमोर, लाईट एका बाजूने, आणि वहीची पानं पण पाठव, वाईट दिवसांची सुद्धा. सुरुवात उजव्या हाताने कर.